डोळे उस्तादाने उघडायचे

लहानू पेंटरला तहान लागली की तो आधी हुकूम सोडायचा. "पाणी आण वं." रोशनी चुलीपाशी असो की दारात, उत्तर देत नसे. दुसऱ्या हाकेत शिवी असायची. तिसऱ्या हाकेतून ती शिवी गळून पडायची. मग बराच वेळ नुसता कुलरचा आवाज. आणि त्यानंतर म्हातारा खालच्या पट्टीत विचारायचा, "रोशनी, आहे का वं तू घरात?"

तेव्हा ती उठायची. माठातून गिलास भरायची आणि त्याच्या उजव्या गुडघ्याजवळ, नेहमीच्या जागी ठेवायची.

दिवसभरात तिला एवढीच करमणूक होती. लाज वाटायचं वय मागं पडलं होतं. ती चाळिशी ओलांडलेली, हाडानं दणकट बाई होती; रुंद कपाळ बापाचं, फुगीर नाक बापाचं. बोटांच्या सांध्यांवर जुने पांढरे वण होते. चित्र काढताना हात टेकवायला पेंटर लोक एक काठी धरतात, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली. लहानूची काठी शिसमाची होती, आणि रेघ वाकडी गेली की ती रेघ काढणाऱ्या बोटांवर बसायची. धाकटा भाऊ सुशील एकदा मार खाऊन पळाला तो पुन्हा शिडीखाली उभा राहिला नाही. त्याला शाळा दिली गेली, मग कॉलेज, मग पुणे. रोशनी पळाली नाही. तिला पळायचं सुचलंच नाही.

एके काळी इतवारीत मान वर करून चाललं तर लहानूच्या हातचंच दिसायचं. भांड्यांच्या दुकानांच्या पाट्या, कापडाच्या दुकानांवरच्या लुगडं नेसलेल्या बाया, सराफांची कमळं. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये तर विहाराची भिंत पांढरी केली की लोक त्यालाच बोलवायचे. शाळा सुटली की रोशनी शिडी धरायची. पुढं ती पाट्यांना पट्टी मारू लागली, मग आभाळ भरू लागली, मग कपडे, मग हातपाय, मग चेहरे. डोळे मात्र कधीच नाही.

ते का, तर लहानू ज्याच्याकडे शिकला त्या रज्जाक उस्तादाचा नेम. उस्ताद सिनेमाची मोठमोठी बॅनरं रंगवायचा. नटीची साडी कारखान्यातल्या कोणत्याही पोरानं भरावी, पण बुबुळं सगळ्यात शेवटी आणि ती उस्तादाच्याच हातानं. ह्याला ते डोळे उघडणं म्हणत. "तस्वीर आँख खोल के जिसको पहले देखे, तस्वीर उसकी," असं उस्ताद म्हणायचा. उस्ताद मेला. सिनेमाची बॅनरं मेली. उरलंसुरलं फ्लेक्सनं खाल्लं. नेम तेवढा लहानूच्या घरात जिवंत राहिला, जसा एखाद्या घरात कुत्र्याचा पट्टा कुत्र्यानंतरही खिळ्याला लटकत राहतो.

मग लहानूला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू आहे, थेंब रोज घालायचे, जन्मभर. थेंबांनी डोळे चुरचुरायचे. लहानू बाटली मोरीत ओतायचा आणि बायकोला, कौसल्येला, थेंब संपले म्हणून सांगायचा. कौसल्या गेली त्या वर्षी त्याला माणसांच्या सावल्या दिसत होत्या. आता त्याही दिसत नव्हत्या. लोकांना वाटायचं, पेंटरला हल्ली जरा कमी दिसते. किती कमी ते फक्त रोशनीला माहीत होतं.

दोघांनी एक रीत बसवली होती. रोशनी सगळं चित्र काढायची. लहानू मागं स्टुलावर बसून, जाड चष्मा लावून, हुकूम द्यायचा. "तो निळा दाबून लाव. पदर हलला पायजे." लोक ऐकायचे आणि माना डोलवायचे. शेवटी ती त्याला भिंतीपाशी न्यायची, बारीक ब्रश त्याच्या बोटांत द्यायची आणि आपला तळवा त्याच्या मनगटाखाली सरकवायची. पाहणाऱ्याला वाटावं, लेक म्हाताऱ्या हाताला आधार देते आहे. प्रत्यक्षात म्हाताऱ्याचा हात म्हणजे ब्रशचा लांब दांडा होता. बुबुळ तीच बसवायची. मग लहानू एक पाऊल मागं सरून म्हणायचा, "आता पाहते तो मले." आणि खाली त्याचं नाव पडायचं: लहानू आर्टिस्ट.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मनोहरराव घरी आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, वस्तीतल्या विहाराचे अध्यक्ष, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

"जय भीम, पेंटरसाहेब."

"जय भीम, अध्यक्षसाहेब. बसा. रोशनी, खुर्ची दे वं त्याईले. आंधळी झाली का?"

हा त्याचा लाडका विनोद होता. रोशनीनं खुर्ची दिली.

मनोहररावांनी विहारामागं एक लेणं बांधलं होतं. खापरखेड्याच्या राखेच्या विटा, वर लोखंडी जाळी, जाळीवर सिमेंट, सिमेंटला गेरूचा रंग. आत वाकून जावं लागे. "अजिंठ्याले जायाची ऐपत कोणाची आहे? अजिंठाच इथं आणला," ते म्हणाले. "आणि विषय एकच ठेवला. मायबापाचे उपकार. आजकालची पोरं म्हाताऱ्याले विचारत नाईत गा. भिंतीवर पाहून तं शिकतीन."

"शिकतीन," लहानू म्हणाला. "भिंतीवरून शिकतीन नाईतं काठीनं."

दोघं हसले. रोशनी चहा गाळत होती.

दोन भिंती ठरल्या. एकीवर आंधळ्या आईला पोसणारा हत्ती. राजा त्याला पकडून नेतो, पण आई उपाशी आहे म्हणून तो एक घास खात नाही, शेवटी राजा त्याला सोडतो. दुसरीवर साम. हा तरुण रानात आंधळ्या आईबापांची सेवा करायचा. त्यांच्यासाठी नदीवर पाणी आणायला गेला असताना शिकारीला आलेल्या राजाचा विषारी बाण त्याला लागला. मरता मरता तो एवढंच म्हणाला, की आता त्यांना पाणी कोण देईल. लहानूनं जवानीत अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पहारेकऱ्याच्या बॅटरीच्या उजेडात, ती गोष्ट भिंतीवर पाहिली होती. त्या एका दिवसाचं तो जन्मभर सांगत आला होता.

हत्ती चैत्रात झाला. लेण्यात भट्टी असायची. रोशनी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन काम करायची आणि लहानू तोंडाशी, वारा लागेल अशा जागी बसायचा. हत्तीचा डोळा बापाच्या हातानं, म्हणजे तिच्या हातानं, उघडला गेला. मग साम सुरू झाला. झोपडीपुढं आईबाप, मिटलेल्या पापण्यांचे. आईला तिनं कौसल्येचं तोंड दिलं. पलीकडे हरणं, नदी, घडा खांद्यावर घेतलेला साम, आणि झाडाआड धनुष्य ताणलेला राजा. चेहऱ्याशी काम आलं तेव्हा लहानू म्हणाला, "साम आपल्या सुशीलसारखा काढ."

रोशनीचा ब्रश थांबला. "सुशीलनं कधी पाणी आणलं तुमच्यासाठी?"

"तुले सांगतलं तेवढं कर."

"मी इचारलं फक्त."

"भिंतीवर पोरगा काढाचा आहे का नाई? मंग घरात पोरगा कोण आहे? का तुले मिशा फुटल्या?"

बाहेर खुर्च्या मोजणारा माणूस हसला. रोशनीनं घरी जाऊन सुशीलचा दहावीचा फोटो शोधला, लेण्यातल्या भिंतीला चिकटपट्टीनं लावला आणि त्याची हनुवटी काढायला घेतली. तिला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्याची तिची जागा फार आधीच घट्टे पडून कोडगी झाली होती.

दुपारचा चहा मनोहररावांची बायको सुभद्राबाई आणायची. ती बडबडी होती, मनानं वाईट नव्हती. त्या दिवशी लहानू घरी झोपला होता. सुभद्राबाई कप देऊन बसली आणि फोटोकडे पाहत म्हणाली, "सुशीलच्या लग्नात मी होती. तुह्यं झालं असतं तं तुह्यी पोरं आता कॉलेजात असती वं."

"माह्यं कुठून होते, काकू."

"काहून? काटोलचा तो पोरगा आला नव्हता? संत्र्याच्या मंडीतला. रुपराव का काय."

रोशनीला रुपराव आठवला. तो बसनं आला होता आणि रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून पिशवीभर संत्री घेऊन आला होता. पोहे खाताना त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या नखात रंग आहे." म्हणाला ते चांगल्या अर्थानं. त्यानंतर निरोप आला नाही. घरात संत्र्याच्या साली उरल्या होत्या, त्या कौसल्येनं वाळवल्या.

"त्याईच्याकडून नकार आला," रोशनी म्हणाली.

"नकार येईनच ना. तुह्या बाबानं सांगतलं का पोरीले फिट येते. लपवून कसं देऊ, म्हणे, फसवणूक होईन." सुभद्राबाईनं कपाचा कान चाचपला. "मले तं वाटे तुले माहीत आहे."

रोशनीला कधी फिट आली नव्हती. तापसुद्धा क्वचितच यायचा. ती कप धरून उभी राहिली. तिनं हिशोब लावायचा प्रयत्न केला, की तेव्हा दिव्यांभोवती कडी दिसायला लागून किती दिवस झाले होते. कडी तेव्हा दिसायला लागली होती. आधीच्याच दिवाळीत बापानं सांगितलं होतं, पणत्यांना इंद्रधनुष्य फुटलं म्हणून. म्हणजे त्याला कळलं होतं की त्याला एक हातांची जोडी लागेल.

"मी बोललीच नाई असं समज बरं," सुभद्राबाई कप गोळा करत म्हणाली. "मले काय, आता जुनी गोष्ट झाली."

सुभद्राबाई गेल्यावर रोशनीनं पत्री घेतली आणि सामचा अर्धा झालेला चेहरा खरवडून काढला. सुशीलची हनुवटी, सुशीलचे पातळ ओठ खाली फरशीवर पापुद्र्यांसारखे पडले. फोटो तिनं पाकिटात ठेवला. दुसऱ्या दिवशी येताना घरातला दाढीचा आरसा पदराखाली आणला आणि भिंतीतल्या खोबणीत टेकवला.

आरशात तिनं स्वतःकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. पेंटरच्या नजरेनं पाहिलं, दयामाया न दाखवता. रुंद कपाळ, फुगीर नाक, ओठांच्या कोपऱ्यांशी खाली उतरलेल्या रेघा. रेघा तिनं गाळल्या. सामचं वय तेवढं नव्हतं. केस वर बांधले, कानात कुंडलं घातली, खांद्यावर घडा दिला. दगडी सावलीतून एक तरुण मुलगा वर येऊ लागला, आणि तो ती होती, काटोलची बस आली त्या दिवशीची.

तिनं बुबुळांची जागा मनात ठरवून टाकली. उद्घाटनाच्या दिवशी बाप भिंतीसमोर उभा असेल आणि ती त्याच्या डाव्या अंगाला, मनगट धरून. बुबुळं केसभर त्या बाजूला बसवायची. साम डोळे उघडेल आणि बापाला न पाहता तिला पाहील. नाव खाली कोणाचंही पडो. चित्र तिचं होईल. चाळीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती आणि ती तिनं कोणाकडे मागितलीही नव्हती.

लहानू संध्याकाळी आला. लेण्यात कोणी नाही असं तिच्याकडून वदवून घेऊन त्यानं बोटं भिंतीवर टेकवली. सुकलेल्या रंगावरून ती चेहराभर फिरली. रंगाला उंची नसते, त्याला काही कळणार नव्हतं.

"नाक कसं आलं?"

"तुमच्यावानी."

"मंग बराबर आहे. सुशील माह्यावरच गेला."

"आणि मी, बाबा? मी कोणावर गेली?"

लहानू खरोखरच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून त्यानं अंधारात कुठंतरी पाहिलं.

"तुह्याकडं मी कधी नीट पायलंच नाई," तो म्हणाला. "आता इलाज नाई."

बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन होतं. भन्तेजींनी आधीच बजावलं होतं की डोळे उघडायचा कार्यक्रम ही काही प्राणप्रतिष्ठा नाही, असल्या गोष्टी आपण सोडल्या. मनोहररावांनी समजूत काढली, ही पूजा नाही, कलावंताचा मान आहे. पत्रिकेवर त्यांनी तसं छापूनही घेतलं होतं. लेण्यासमोर मांडव, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, ताकाचे ड्रम, लाऊडस्पीकर. लेण्याच्या तोंडाशी आत पाहता येईल असे दोन मोठे दिवे लावले होते, त्यांनी आतली उष्णता आणखी वाढली होती.

सुशील सकाळी पुण्याहून आला, बायको मिनलला घेऊन. त्यानं केस विरळ झाल्यामुळे डोकं गुळगुळीत करून घेतलं होतं आणि अंगानं तो सुटला होता. बापासाठी त्यानं सिल्कचा कुर्ता आणला होता. रोशनीसाठी एक खोका होता.

"नॉनस्टिक तवा आहे, ताई. तेल लागतच नाही. तुझं काम कमी होईल."

"माह्यं काम तं फार आहे," रोशनी म्हणाली.

"म्हणूनच ना."

तो मनापासून बोलत होता. सुशील नेहमी मनापासून बोलायचा. त्यामुळे त्याच्यावर रागावता येत नसे. तो वाकून लेण्यात शिरला आणि सामच्या भिंतीसमोर उभा राहिला. सामला अजून बुबुळं नव्हती, डोळ्यांच्या जागी पांढरे मासे होते. सुभद्राबाई त्याच्या मागून आत आली. तिनं भिंतीकडे पाहिलं, सुशीलकडे पाहिलं, आणि रोशनीला एक क्षण वाटलं, ही ओळखेल. हिनंच तर काटोलचं सांगितलं होतं. हिला माहीत आहे.

"अवं माय," सुभद्राबाई टाळी वाजवून म्हणाली, "हा तं अस्सल सुशील!"

"मी?" सुशील लाजून हसला.

"तू नाई तं कोण? केस होते तवा असाच दिसे. अवो, पाहा न जी."

मनोहररावांनी पाहिलं. "कपाळ, नाक, सगळं. वा पेंटरसाहेब! आठवणीतून काढलं न?"

"बापाच्या आठवणीतून पोरगा जाते का?" लहानू म्हणाला.

मग सगळेच आले आणि सगळ्यांना सुशील दिसला. एक म्हातारी म्हणाली, डोळे यायच्या आधीच कळते. मिनलनं सुशीलला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हनुवटी थोडी वर करायला सांगितली आणि फोटो काढले. रोशनी ब्रशांचा डबा घेऊन बाजूला उभी होती. तिच्या तोंडावर तेच कपाळ आणि तेच नाक होतं. दिव्याचा उजेड तिच्यावर सरळ पडत होता. कोणी भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे नेली नाही.

तिला वाटलं, असू दे. डोळे उघडू दे. मग तो मला पाहील.

त्रिशरण पंचशील झालं. भन्तेजी आईबापांच्या उपकारांवर थोडक्यात बोलले. मग मनोहररावांनी माइक घेतला आणि लहानू आर्टिस्ट यांना विनंती केली. रोशनीनं बापाला आत नेलं. लेण्याच्या तोंडाशी माणसांची भिंत उभी राहिली. तिनं त्याच्या बोटांत बारीक ब्रश दिला, काळ्या रंगात टेकवून. तळवा त्याच्या मनगटाखाली सरकवला. त्याचं मनगट घामानं ओलं होतं, नाडी मात्र संथ. ह्याबाबतीत तो कधीच घाबरत नसे. तिच्यावर त्याचा विश्वास होता, जसा माणसाचा स्वतःच्या पायावर असतो.

डावा डोळा. तिनं श्वास धरला आणि बुबुळ ठरवलं होतं तिथं, केसभर आपल्या बाजूला, बसवलं. वर एक पांढरा ठिपका सोडला.

साम एका डोळ्यानं जागा झाला आणि त्यानं तिला पाहिलं. खरोखरच पाहिलं. आयुष्यात तिच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. काही न मागता.

"एक मिनिट, एक मिनिट!" मनोहररावांचा आवाज माइकवर फुटला. "बंधुभगिनींनो, आज योग आहे. चित्रातला साम आणि खरा साम दोघं इथं हजर आहेत. सुशीलभाऊ, जा बावा आत. वडिलांचा हात धरा. दुसरा डोळा बापलेकानं मिळून उघडावा. फोटोवाले, तयार राहा!"

टाळ्या पडल्या. सुशील वाकून आत आला. "ताई, जरा..." त्यानं हलकेच तिचा खांदा बाजूला केला आणि बापाचा कोपर धरला. लहानूचा चेहरा उजळला.

"सुशील?"

"हो बाबा, मीच."

"धर बेटा. घट्ट धर."

रोशनी बाजूला झाली, पण तिचा तळवा अजून मनगटाखाली होता. फोटोत तो येणार नव्हता. सुशील फोटोवाल्याकडे पाहून हसत होता. त्याला ब्रशचं टोक कुठं आहे तेही दिसत नव्हतं, आणि त्याला वाटत होतं की बापाला ते दिसतं आहे. लहानू वाट पाहत होता, मनगटाखालचा हात केव्हा हलेल त्याची. एका आंधळ्याला एका न पाहणाऱ्यानं धरलं होतं, आणि समोर तिचा चेहरा होता, एक डोळा तिच्यावर लावून.

तिला ठाऊक होतं की हात काढला तर काय होईल. चेहरा वाचवायचा असेल तर अजून वाचवता येत होता.

तिनं हात काढून घेतला.

ब्रश आधी हवेत लटपटला. मग सुशीलनं, काहीतरी करायला हवं म्हणून, कोपर पुढं ढकलला. काळं टोक सामच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध घुसलं, खाली घसरलं, गाल चिरत ओठापर्यंत गेलं आणि हनुवटीवर थांबलं. ओल्या रंगाचा एक ओघळ तिथूनही खाली निघाला.

समोरच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. भन्तेजी बाहेर मांडवात डोळे मिटून बसले होते, टाळ्या थांबल्या म्हणजे झालं असेल असं समजून ते, शुभ काम पार पडलं की म्हणतात तसं, शांतपणे म्हणाले, "साधू."

"साधू, साधू, साधू," लोक म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

लहानूनं ब्रश खाली केला, एक पाऊल मागं सरला, दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता पाहते तो मले."

पडदा शोधून आणून भिंतीवर टाकेपर्यंत ताक वाटायला सुरुवात झाली होती. सुशील सारखा म्हणत होता, "मी नुसता कोपर धरला होता." मिनल त्याला पाणी देत होती. मनोहररावांनी रोशनीला मांडवाच्या खांबाआड घेतलं.

"पोरी, उद्या सकाळी येऊन नीट करून दे. कोणाले सांगाचं काम नाई. नाव तुह्या बाबाचंच राहीन."

"डोळे उस्तादानं उघडाचे असते, काका," रोशनी म्हणाली. "मी तं मदतीले."

"आता चिडू नको वं. मायबापाचं चित्र आहे ते."

"म्हणून तं."

पडदा अजून आहे. लेणं पाहायला येणाऱ्या पोरांना हत्ती दाखवतात.

सुशील आणि मिनल संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना सुशील बापाच्या पाया पडला आणि लहानूनं त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, फिरवता फिरवता थबकला. घरात कुलर लागला. लहानू नव्या कुर्त्यातच चटईवर बसला होता. रोशनी दाराशी बसून, डब्यात टर्पेन्टाइन घेऊन ब्रश धूत होती. तिला वाटलं होतं, आज तो काठी मागेल. ती काठी तिनं स्वतःच आणून त्याच्या हाताशी ठेवली होती.

"केवढं गेलं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मले आंधळा म्हणते लोक, येडा नाई म्हणत. ब्रश घसरला तं हाताले कळते. केवढं गेलं?"

"डोळ्यापासून हनुवटीपर्यंत."

"लोकाईनं पायलं?"

"सगळ्याईनं. मले नाई पायलं कोणी, तेवढं मात्र पायलं."

लहानूनं मान हलवली. "सुशील म्हणे माह्यानं झालं. मी त्याले काई म्हटलं नाई. कोपरावर तो होता. मनगटाखालून तू गेली."

"हाव."

"मुद्दाम."

"हाव. मुद्दाम. काटोलच्या पोराले तुम्ही माह्या फिटा सांगतल्या तसंच, मुद्दाम."

कुलरच्या टाकीत पंप गुरगुरला. लहानूनं चष्मा काढला आणि कुर्त्याच्या सिल्कला काचा पुसल्या, ज्यांचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याच्या तोंडावर पश्चात्ताप येतो का ते रोशनी पाहत होती. पेंटरच्या नजरेनं पाहत होती, म्हणून तिला खोटं दिसणं शक्य नव्हतं. काही आलं नाही. उलट त्याचे ओठ जरासे सैल झाले. एखाद्या लांबलेल्या कामाचा शेवट दिसावा तसे.

"सुशीलनं माह्या हात सोडला," तो म्हणाला, "तवा तो पुण्याले गेला. तू आज सोडला. तू कुठं जाशीन?"

तिनं घर पाहिलं: माठ, तव्याचा न उघडलेला खोका, कौसल्येचा फोटो, दार. दार उघडं होतं. बाहेर वस्तीतली पोरं पौर्णिमेच्या मेणबत्त्या लावत होती.

"पाणी दे," लहानू म्हणाला.

ह्या वेळी तिनं दुसऱ्या हाकेची वाट पाहिली नाही. उठली, माठावरचं झाकण काढलं, गिलास काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढं आणून ठेवला. उजव्या गुडघ्याजवळ नाही, वीतभर पलीकडे.

लहानूचा हात नेहमीच्या जागी गेला. तिथं नुसती फरशी होती. हात थांबला, मग पुढं सरकला, बोटं पसरून, सावकाश, जशी ती भिंतीवरच्या चेहऱ्यावरून सरकली होती. गिलासाच्या बाजूनं ती निघून गेली आणि परत आली.

"ठेवला का वं?"

"ठेवला," रोशनी म्हणाली आणि समोर बसून पाहत राहिली.